लठ्ठ किशोरवयीन मुले व्यायामवर्ग अर्ध्यावर का सोडतात?

पारिजात_दादर (धागालेखिका)

नमस्कार. माझा मुलगा १५ वर्षांचा असून यंदा दहावीत गेला आहे. त्याची उंची १६८ सेंटिमीटर आणि वजन ९४ किलो आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही त्याला किशोरवयीन मुलांसाठी असलेल्या, वजन घटवण्याच्या तीन महिन्यांच्या वर्गात घातले. पहिले पाच आठवडे तो नियमित गेला. त्यानंतरही तो रोज संध्याकाळी साडेपाचला पाण्याची बाटली आणि पंचा घेऊन घराबाहेर पडत होता, मात्र वर्गाला पोहोचत नव्हता, हे आम्हाला तीन आठवड्यांनी, तेही शेजारच्या काकूंकडून कळले. त्यांनी त्याला त्याच वेळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यापाशी पाहिले होते. त्यानंतर घरात जे व्हायचे ते झाले. त्याच्या बाबांनी भरलेल्या शुल्काचा हिशेब मांडला, मी रडले आणि मुलगा खोलीचे दार लावून बसला.

वजन कसे कमी करावे, हा या धाग्याचा विषय नाही. त्याबद्दलचे सल्ले मला भाजीवालीपासून सासूबाईंपर्यंत सर्वांकडून मिळालेले आहेत. मला एवढेच समजून घ्यायचे आहे की, अशा वर्गात जाडजूड मुलाला आतून काय वाटते. ज्यांनी त्या वयात हे अनुभवले आहे किंवा अशा मुलांबरोबर काम केले आहे, त्यांनी कृपया लिहावे.

गिरगाव_१९५८

वडापाव आणि मोबाइल बंद करा. बाकीचे सर्व आपोआप होईल.

खडीसाखर

काका, धाग्याचा दुसरा परिच्छेद वाचायचा राहिला वाटते. भाजीवालीच्या यादीत आता आपलीही नोंद करण्यात आली आहे.

मुलुंडचा_वाटसरू

ताई, मी त्या वयात ८८ किलोंचा होतो. आज ४१ वर्षांचा आहे. त्यामुळे आठवते ते जसेच्या तसे लिहितो.

सर्वांत अवघड गोष्ट व्यायामाची नव्हतीच. शाळेत ६०० मीटर धावण्याची चाचणी असे. मी शेवटचा येणार हे मला, सरांना आणि शाळेच्या शिपायालाही ठाऊक असे. मी शेवटच्या वळणावर असताना बाकीची मुले पाणी पिऊन, गवतावर बसून मोकळी झालेली असत आणि मग सर म्हणत, ‘चला रे, त्याच्यासाठी टाळ्या वाजवा.’ हसणाऱ्यांना उलट शिवी तरी देता येते. टाळ्या वाजवणाऱ्यांना काय देणार? सरांचा हेतू चांगला होता, याबद्दल मला आजही शंका नाही, पण त्या टाळ्यांमुळे ज्यांचे माझ्याकडे लक्ष नव्हते तेही वळून पाहू लागत.

दुसरी गोष्ट कोणीही बोलत नाही, म्हणून मी बोलतो. जाड मुलाच्या मांड्या चालताना एकमेकींवर घासतात. मुंबईच्या घामात अर्ध्या तासात कातडी सोलवटते आणि दुसऱ्या दिवशी पँट घालणेसुद्धा नकोसे होते. मी दोन दिवस दांडी मारली की घरी ‘आळशी’ हे विशेषण तयार असे. आईला मांड्या दाखवण्याचे माझे वय राहिले नव्हते आणि वडिलांना सांगण्याचे धाडस नव्हते. लांब, घट्ट बसणारी अर्धी चड्डी आत घालावी आणि वर व्हॅसलीन लावावे, हे मला थेट कॉलेजात एका मित्राने सांगितले. तो मित्र आधी भेटला असता, तर माझी तीन वर्षे वाचली असती.

सांधेदुरुस्ती

मी भौतिकोपचारतज्ज्ञ आहे. वाटसरू यांच्या दोन्ही मुद्द्यांना अनुमोदन देऊन थोडी भर घालतो.

९४ किलोंचा मुलगा आणि ५५ किलोंचा मुलगा एकाच इमारतीचे पाच मजले चढतात, तेव्हा पहिला मुलगा जवळजवळ पावणेदोन पट वजन वर नेत असतो. घड्याळाने मोजले तर तो मागे पडलेला दिसतो, परंतु केलेल्या कामाने मोजले तर तो पुढे असतो. वर्गातील सर्व मुलांना एकाच वेगाने पळवणारा प्रशिक्षक हे गणित विसरतो. अशा मुलांसाठी मी सांगतो ती कसोटी सोपी आहे. व्यायाम करताना बोलता यावे, परंतु गाणे म्हणता येऊ नये. बोलणेही तुटू लागले तर वेग कमी करावा, मग शेजारचा कितीही पुढे जावो.

एक इशारा मात्र गांभीर्याने देतो. या वयातील वजनदार मुलगा गुडघा किंवा मांडी दुखते म्हणाला आणि लंगडू लागला, तर तो कारणे सांगत आहे असे समजू नये. मांडीच्या हाडाचे वरचे टोक वाढीच्या पट्टीवरून (हाड जिथून लांब होते, त्या कोवळ्या भागावरून) सरकण्याचा एक विकार नेमका याच वयात आणि बहुधा वजनदार मुलांमध्ये दिसतो. दुखणे खुब्यात असते आणि कळ अनेकदा गुडघ्यात जाणवते, त्यामुळे गुडघ्याचे क्ष-किरण चित्र काढून ‘काहीही नाही’ असे सांगितले जाते. अशा वेळी व्यायाम तत्काळ थांबवून त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाकडून खुब्याची तपासणी करून घ्यावी.

पारिजात_दादर

सांधेदुरुस्ती, मनापासून आभार. त्याला दुखणे नाही, हे मी आताच विचारून घेतले. अर्थात उत्तर दाराआडून मिळाले.

गिरगाव_१९५८

माझी थट्टा झाली, ती मी मान्य करतो. तरीही माझा मुद्दा सोडत नाही. आम्ही तालमीत जात होतो तेव्हा आम्हाला आतून काय वाटते, हे कोणी विचारले नव्हते. वस्ताद पाठीत एक धपका घालत आणि आम्ही जोर मारू लागत असू. या पिढीला प्रत्येक गोष्टीचे वाईट वाटते. अशाने मुले कणखर कशी होणार?

लाल_माती

काका, तालमीचा विषय आपण काढलात ते बरे झाले, कारण माझे सारे बालपण लालबागच्या एका तालमीत गेले आहे आणि तिथला अनुभव तुमच्या मुद्द्याच्या उलट साक्ष देतो. वस्ताद धपका घालत, हे खरे आहे. पण ते जाड पोराला काटक पोराबरोबर पळवत नसत. हाडापेराने भक्कम मुलाला ते बैठका, मुद्गल आणि ताकदीची कामे देत आणि मग बाकीच्यांना त्याच्याकडे बोट दाखवून म्हणत, ‘हे बघा, याला म्हणतात वजन.’ तो मुलगा तालमीत कोणाचे तरी भय होता, चेष्टेचा विषय नव्हता.

कुस्तीत वजनगट असतात, ते उगाच नव्हे. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकले ते बँटमवेट गटात. त्यांना कोणी शंभर किलोंच्या गड्यापुढे उभे केले नव्हते. हलक्या माणसाला हा न्याय मिळतो, मग ६०० मीटरच्या रेषेवर वजनदार पोराला तो का मिळू नये?

गिरगाव_१९५८

या प्रतिसादावर मला विचार करावा लागेल. आमच्या तालमीतही असा एक गडी होता, हे आत्ता आठवले. त्याच्याशी जोड लावायला आम्ही कोणी तयार नसू.

चौथी_सीट

मी १९ वर्षांची आहे. येथे बहुतेक सर्वांनी मुलग्यांविषयी लिहिले, म्हणून मुलीची बाजू मांडते. माझे सदस्यनाम कुठून आले, हे लोकलने जाणाऱ्यांना सांगावे लागणार नाही. महिलांच्या डब्यात तीन जणी बसलेल्या असल्या की चौथीसाठी सरकून जागा देतात. मी समोर उभी राहिले की त्या तिघी एकदम खिडकीबाहेर पाहू लागत.

माझी मान तेरा-चौदाव्या वर्षी काळवंडली. आई ती बेसन आणि लिंबाने घासत असे, कारण तिला तो मळ वाटत होता. घासून घासून कातडी हुळहुळी झाली, तेव्हा आम्ही डॉक्टरांकडे गेलो. शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण आहे, असे त्यांनी सांगितले आणि व्यायाम सुरू करायला लावला. म्हणून आमच्या सोसायटीजवळच्या झुंबा वर्गात माझे नाव घातले. तिथे मी सर्वांत लहान होते आणि बाकीच्या काकू चाळिशीच्या पुढच्या. त्यांच्यापैकी एकीने पहिल्याच आठवड्यात मला प्रेमाने सांगितले की, आत्ताच मनावर घेतलेस तर लग्नाच्या वेळेपर्यंत होऊन जाईल. मी तेव्हा नववीत होते.

भिंतभर आरसा होता. पहिल्या रांगेत उभे राहिले तर आरशात फक्त मीच दिसे आणि शेवटच्या रांगेत उभे राहिले तर सर म्हणत, ‘लाजू नकोस, पुढे ये.’ शेवटी मी खांबामागची एक जागा शोधली. तिथून सरांचे फक्त हात दिसत, त्यामुळे मी वर्षभर केवळ हातांचा झुंबा केला.

नंतर पोहण्याच्या तलावावर मुलींच्या स्वतंत्र तासाला जाऊ लागले आणि चित्र पालटले. पाण्याबाहेरचे वीस पावलांचे अंतर भयंकर वाटे. कपडे बदलण्याच्या खोलीपासून कठड्यापर्यंत मी पंचा गुंडाळून, श्वास रोखून जात असे. पण एकदा पाण्यात उतरले की गळ्यापर्यंत सर्व मुली सारख्याच. शिवाय मी तरंगायला इतरांच्या आधी शिकले. आयुष्यात पहिल्यांदाच शिकवणाऱ्या बाईंनी दुसऱ्या मुलींना सांगितले की, हिच्याकडे पाहा, अशी सैल पडा.

खडीसाखर

खांबामागच्या जागेचे वाचून हसू आले आणि लगेच हसल्याची लाज वाटली.

चौथी_सीट

हसावे, त्यासाठीच लिहिले आहे. आता माझे मलाही हसू येते.

खालचा_थर

थोडे अवांतर होईल, पण मूळ प्रश्नाशी जोडलेले आहे. सतराव्या वर्षी माझे वजन १०२ किलो होते. जिममध्ये, वर्गात, लग्नकार्यात, जिथे जाईन तिथे ‘कमी कर’ हाच गजर होता. अपवाद एकच, तो म्हणजे आमचे गोविंदा पथक. तिथे पहिल्याच दिवशी दादांनी माझ्या खांद्यांवर हात ठेवून पाहिले आणि ‘हा खाली पाहिजे’ असा निकाल दिला. दीड महिना रोज रात्री दहा वाजता सराव असे. मी एकही रात्र चुकवली नाही. बैठका मारल्या, मान आणि खांदे कमावले, पावसात उभा राहिलो. त्याला व्यायाम म्हणतात, हे कोणी सांगितले नाही म्हणून मला कळलेही नाही. त्या काळात वजन किती उतरले, याची नोंद नाही. पथकात वजनकाटाच नव्हता.

मुलुंडचा_वाटसरू

ही आठवण सुंदर आहे, पण कोणत्याही आईने ती वाचून मुलाला पथकात धाडू नये. वरचा थर कोसळतो तो खालच्या मानांवरच. १४ वर्षांखालील मुलांना थरांत घेण्यास मनाई आहे, पण पंधरा-सोळा वर्षांच्या पोराचा मणकाही काही लोखंडाचा नसतो.

खालचा_थर

मान्य आहे. माझा उजवा खांदा पावसाळ्यात अजूनही आठवण करून देतो. माझा मुद्दा उंच थर लावण्याचा नव्हता. जिथे माझी गरज होती तिथे मी रोज गेलो, एवढेच मला सांगायचे होते.

परळची_ओपीडी

मी बालरोगतज्ज्ञ आहे. आकडे द्यायचे टाळणार होते, परंतु चर्चेला त्यांचा उपयोग होईल असे वाटते.

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली ५ ते १८ वर्षे वयोगटासाठी वाढीचे तक्ते सुधारले. त्यांत प्रौढांच्या २३ आणि २७ या बॉडी मास इंडेक्सशी (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणाऱ्या निर्देशांकाशी) जुळणाऱ्या रेषा अतिवजन आणि लठ्ठपणासाठी धरल्या आहेत. धागालेखिकेच्या मुलाचा निर्देशांक ३३ च्या आसपास येतो, म्हणजे काळजी अनाठायी नाही. रक्तदाब, साखर आणि यकृताची तपासणी करून घ्यावी. परंतु हा मुलगा अजून वाढत असेल. त्याचे वजन ९४ वरच थांबले आणि उंची १७४ झाली, तर एकही किलो न घटता निर्देशांक ३१ वर येईल. वाढत्या मुलाच्या बाबतीत काटा स्थिर राहणे हीसुद्धा प्रगती असते आणि ही गोष्ट दर आठवड्याला वजन करणाऱ्या वर्गांना दिसत नाही.

कॅनडातील ओटावा येथे १४ ते १८ वर्षांच्या ३०४ वजनदार मुलामुलींवर केलेला एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. आधी चार आठवडे पूर्वतयारी करून घेऊन, त्यात नियमित आलेल्यांनाच पुढे घेतले होते. नंतरचे २२ आठवडे काहींना दमश्वासाचा (धावणे, सायकल यांसारखा), काहींना वजने उचलण्याचा, तर काहींना दोन्ही प्रकारचा व्यायाम दिला आणि एका गटाला केवळ आहाराचे मार्गदर्शन मिळाले. इतका खटाटोप करून व्यायामाच्या गटांत शरीरातील चरबीचे प्रमाण सरासरी एक ते दीड टक्क्याच्या आसपास उतरले. आणि निवडून घेतलेल्या या मुलांचीही सरासरी हजेरी दोन तृतीयांशांपर्यंत पोहोचली नाही. हे मी पालकांना मुद्दाम सांगते. सहा महिन्यांत एवढा बदल होत असताना, सहा आठवड्यांत मुलगा ‘बारीक दिसला’ पाहिजे, ही अपेक्षा कोणाची आहे? दुसरीकडे, वजन न उतरताही रक्तदाब, साखरेचे नियमन आणि झोप यांवर नियमित व्यायामाचा चांगला परिणाम होतो. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटांची हालचाल सुचवते. त्यात आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू आणि हाडे बळकट करणारा व्यायाम असावा, असे ती सांगते. कोणाच्या पुढे धावावे, असे ती कुठेही म्हणत नाही.

बोरिवलीची_आई

माझी मुलगी अशा वर्गात टिकली, तरीही कहाणी पूर्ण सुखाची नाही. तिच्या तुकडीत अकरा मुले होती आणि सर्व तिच्यासारखीच. ती पहिल्या दिवशी घरी आल्यावर म्हणाली, ‘आई, आज मी सर्वांत जाड नव्हते.’ मला त्या वाक्याने धक्का बसला, कारण ती रोज सकाळी शाळेत जाताना ही मोजणी करत असणार, हे माझ्या कधी लक्षातच आले नव्हते. त्या मुलांची चांगली गट्टी जमली. रविवारी ती सारी मिळून राष्ट्रीय उद्यानात चालायला जात, परतताना उसाचा रसही पीत आणि आम्ही पालक त्याकडे काणाडोळा करत असू.

मग तीन महिने संपले, प्रमाणपत्रे वाटली आणि तुकडी बंद झाली. पुढे काय, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. नेहमीच्या जिममध्ये पाठवले तर दोन दिवसांत परतली. तिथे सगळे आधीच सडपातळ आहेत, मग ते येतात कशाला, असे तिचे म्हणणे होते. दोन मैत्रिणींबरोबर चालणे तेवढे टिकले आहे, तेही परीक्षा नसताना.

लिंबूसरबत

‘मग ते येतात कशाला’ हा प्रश्न मी गेली बारा वर्षे विचारत आहे.

पारिजात_दादर

सर्वांचे प्रतिसाद मी दोनदा वाचले. त्यातले काही मुलाला वाचून दाखवले. टाळ्यांचा किस्सा ऐकून तो पहिल्यांदा दार उघडून बाहेर आला. काल रात्री जेवणानंतर बाबा फिरायला गेले असताना मी त्याच्याशी बोलले आणि शुल्काचा शब्द तोंडातून काढला नाही.

तो म्हणाला की, वर्ग वाईट नव्हता. प्रशिक्षक चांगले होते, वजने उचलण्याचा भाग त्याला आवडत होता आणि तुकडीत त्याच्याइतके वजन कोणीच उचलत नव्हते. पण दर शनिवारी सर्वांचे वजन होई आणि आकडे पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकले जात. मला ते आकडे मिळत होते आणि मी त्यांवर अंगठेही दिले होते. पाचव्या शनिवारी त्याचे वजन ४०० ग्रॅमने वाढलेले निघाले. मी त्या दिवशी गटावर काहीच लिहिले नाही आणि रात्री त्याला भात कमी वाढला. ‘तू काही बोलली नाहीस, पण भात बोलला’, असे तो म्हणाला. शिवाय पहिल्या दिवशी सर्वांचे ‘आधी’चे छायाचित्र काढले होते आणि शेवटच्या दिवशी ‘नंतर’चे शेजारी लावून भिंतीवर टांगणार होते. आपले ‘नंतर’ तसे होणार नाही, हे त्याला पाचव्या आठवड्यातच समजले होते.

आता कट्ट्याविषयी. पहिले दोन दिवस तो तिथे बसून राहिला. मग त्याच्या लक्षात आले की ओळखीचे कोणी ना कोणी जातेच आणि बसलेला माणूस दिसतो, चालणारा दिसत नाही. म्हणून तो कानात गाणी लावून पार्काला फेऱ्या मारू लागला. शेजारच्या काकूंनी पाहिले ते फेरी मारतानाच. एक फेरी एका किलोमीटरहून थोडी अधिक भरते. तीन आठवडे तो रोज तासभर चालत होता आणि आम्ही त्याला पळपुटा म्हणत होतो.

गिरगाव_१९५८

आता पुढे काय ठरले आहे?

पारिजात_दादर

काका, वर्गाला परत जायचे नाही, असे तो म्हणतो. वजने उचलायला शिकवणारे कोणी असेल तर जाईन, पण तिथे काटा नको आणि गटावर आई नको, या त्याच्या दोन अटी आहेत. डॉक्टरांनी सुचवलेल्या तपासण्या शुक्रवारी करून घेणार आहोत. वजन फक्त तिथे, तीन महिन्यांतून एकदा. घरातला काटा मी माळ्यावर टाकला आहे, तर बाबा म्हणाले की विकून टाकूया, तेवढेच शुल्क वसूल होईल. त्यावर मुलगा हसला. फेऱ्या किती होतात, हे मी विचारत नाही.

एक व्यावहारिक प्रश्न मात्र आहे. त्याच्या बुटांचे तळवे आतल्या बाजूने पार झिजले आहेत. पाऊल रुंद असल्यामुळे १० क्रमांकाचा बूटही बाजूने फाटतो.

सांधेदुरुस्ती

जुने बूट टाकू नका, तपासणीला बरोबर न्या, कारण झीज पाहून पावलाची ठेवण कळते. नवीन बूट संध्याकाळी घ्यावेत, तेव्हा पाऊल थोडे फुगलेले असते. दुकानात रुंद ठेवणीचे म्हणून मागावे, केवळ क्रमांक वाढवू नये, अन्यथा बूट लांब होतो आणि बाजूने आवळतोच. उभे राहून पुढे अंगठाभर जागा राहते का, ते पाहावे.

लाल_माती

आणि वजने शिकवणारा हवा असेल तर मला व्यक्तिगत संदेश पाठवा. आमच्या तालमीत काटा आहे, पण तो तीन वर्षे बंद पडलेला आहे.